पेटी कुठे थांबली : एका अभंगाच्या ध्वनिमुद्रणातून हार्मोनियमची साथ वेगळी काढण्याचे प्रकरण

सांगली जिल्ह्यातील एका भजनी मंडळात पेटीची साथ करणारी माझी एक विद्यार्थिनी गेल्या श्रावणात एक नेमकी अडचण घेऊन माझ्याकडे आली. मंडळातील बुवांना कार्तिकी एकादशीच्या भजनात भीमपलासातील एक अभंग म्हणायचा होता, आणि तो त्यांनी ज्या जुन्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणावरून बसवला होता, त्यातील पेटीची साथ जशीच्या तशी शिकून घ्यावी असे तिने मनाशी ठरवले होते. ध्वनिमुद्रण सुमारे अकरा मिनिटांचे होते आणि त्यात गायक, पखवाज, टाळ, दोन तानपुरे आणि पेटी एवढाच मेळ होता. बहुतेक भाग तिने कानानेच बसवला होता. अडत होते ते दुसऱ्या चरणानंतरच्या चार आवर्तनांत, म्हणजे भजनी ठेक्याच्या ३२ मात्रांत, साधारण २२ सेकंदांच्या एका आलापात.

त्या २२ सेकंदांत पेटी वाजते आहे एवढे तिला कळत होते, परंतु ती काय वाजवते आहे हे कळत नव्हते. म्हणून तिने गायकाचाच आलाप स्वरलिपीत लिहून काढला आणि त्यातील प्रत्येक स्वर पेटीवर वाजवायला सुरुवात केली. स्वर चुकत नव्हते, लय सुटत नव्हती, तरीही तालमीत बुवा गाता गाता थांबले आणि म्हणाले, "बाळ, पेटी अंगावर येतेय गं." मूळ ध्वनिमुद्रणात पेटी अंगावर येत नाही, उलट गायकाला उचलून धरते, हे दोघांनाही ऐकू येत होते. फरक कशात आहे हे मात्र सांगता येत नव्हते. "सर, त्यातली फक्त पेटी काढता आली तर मला कळेल," असे ती म्हणाली. हे काम आम्ही कसे केले, त्यात कुठे फसलो आणि शेवटी हाती काय लागले, ते मी येथे सविस्तर नोंदवत आहे, कारण साथीचे वाद्य शिकणाऱ्या अनेकांची अडचण नेमकी हीच असते, आणि तिचे उत्तर 'अमुक ॲप वापरा' एवढ्यावर संपत नाही.

पेटीच का अवघड

ज्याला एखाद्या चित्रपटगीतातील बेस गिटार शिकायची असते त्याचे काम त्या मानाने सोपे असते. बेसचे मूळ स्वर बहुतांशी २५० हर्ट्झच्या खाली असतात आणि त्या पट्ट्यात ढोलकीचा घुमारा सोडला तर फारशी गर्दी नसते, त्यामुळे वरचे सर्व आवाज फिल्टरने कापले तरी बेसची चाल बरीचशी उघडी पडते. गायनाला साथ करणाऱ्या पेटीला असे स्वतःचे अंगण नसते. आमच्या ध्वनिमुद्रणातील गायकाचा षड्ज काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास होता, म्हणजे मध्य सा सुमारे १३९ हर्ट्झवर. पेटीची खर्जाची, म्हणजे खालच्या आवाजाची, रीड त्याच स्वरावर बोलत होती आणि नराची, म्हणजे एक सप्तक वरची, रीड त्याच्या दुप्पट, सुमारे २७७ हर्ट्झवर. कोणत्याही स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात, आणि गळा व पेटी एकच स्वर लावत असतील तेव्हा दोघांचे उपस्वर एकमेकांवर तंतोतंत बसतात. साथ जितकी चांगली, तितके ते जास्त बसतात. एकाच खुर्चीवर दोघे बसलेले असताना त्यांतील एकाला उठवून दाखवण्यासारखे हे काम आहे, आणि ते कोणत्या मर्यादेपर्यंत होऊ शकते हे आधी समजून घेतल्याशिवाय साधनांना हात लावण्यात अर्थ नसतो.

आधी मूळ प्रत

तिने आणलेली फाइल मोबाइलवरून मोबाइलवर फिरत आलेली होती. ती संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या कार्यक्रमात उघडल्यावर दोन चॅनेल दिसले, म्हणून मी पहिली चाचणी केली : डावा चॅनेल उलटा केला आणि उजव्यात मिसळला. दोन्ही चॅनेलांत जे समान असते ते या क्रियेत एकमेकांना खोडते आणि जे वेगळे असते ते उरते. आमच्या बाबतीत पूर्ण शांतता उरली. दिसायला दोन चॅनेल असले तरी दोन्हींत अक्षरशः एकच आवाज होता. कधीतरी कोणीतरी तो मोनो करून पुढे पाठवला होता आणि त्याबरोबर कोणते वाद्य कोणत्या बाजूला होते ही सर्वांत मोलाची माहिती पुसली गेली होती.

ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती कोणत्याही कामाच्या आधी करावी, असा माझा आग्रह आहे. मी स्वतः पूर्वी अशा मोनो प्रतींवर अनेक संध्याकाळी घालवलेल्या आहेत. चांगल्या प्रतीचा शोध घेतल्यावर तिच्या मामांकडे त्याच मैफलीची सीडी मिळाली, आणि तीवरून आम्ही एमपी३सारखे कोणतेही आकुंचन न करता फाइल घेतली. आकुंचित फाइलमध्ये दोन चॅनेलांतील बारीक फरक अनेकदा कमी केले जातात, कारण सर्वसाधारण श्रोत्याला ते जाणवत नाहीत. आम्हाला तर नेमके तेच फरक हवे होते. सीडीवरच्या आवाजावर तीच वजाबाकी केली तेव्हा गायक एकदम मागे सरला आणि पेटी, पखवाज व सभागृहाचा घुमारा पुढे आला. विद्यार्थिनीने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले होते, एवढे मला आठवते.

दुसरी तयारी पट्टीची. सीडीवरील तानपुरे ऐकले तर षड्ज काळी एकपेक्षा थोडा चढा होता, इतका की आपली पेटी बरोबर वाजवली की दात आंबल्यासारखे व्हावे. जुन्या टेपवरून उतरवलेल्या मैफलींत टेपचा वेग किंचित कमीजास्त झालेला असणे नेहमीचेच आहे. मोजल्यावर फरक सुमारे ३० सेंट निघाला, म्हणजे एका अर्धस्वराच्या तीन दशांशांएवढा. वेग सुमारे १.७ टक्क्यांनी कमी केल्यावर तानपुरे तिच्या पेटीशी जुळले. येथे मी वेग आणि स्वर दोन्ही एकत्रच उतरू दिले, कारण वेग न बदलता केवळ स्वर उतरवणाऱ्या क्रियेत आवाजाची काप आणि जोडणी होते आणि पुढील बारीक कामाच्या आधी ती टाळलेली बरी.

वजाबाकी काय देते आणि काय देत नाही

मैफलीत पखवाज किंवा तबला गायकाच्या उजव्या हाताला आणि पेटी डाव्या हाताला बसते. श्रोत्यांच्या बाजूने पाहिले तर तालवाद्य डावीकडे आणि पेटी उजवीकडे येते, आणि मिक्स करणाऱ्याने हीच मांडणी राखली होती : गायक मध्यभागी, पखवाज बराचसा डावीकडे, पेटी बरीचशी उजवीकडे. टाळ मागे बसलेल्यांच्या हाती असल्यामुळे दोन्हीकडे पसरलेले होते.

दोन चॅनेलांच्या साध्या वजाबाकीने एका वेळी एकाच दिशेचा आवाज गप्प करता येतो, ही गोष्ट शिकणाऱ्याने पक्की लक्षात ठेवावी. उजव्यातून डावा पूर्ण वजा केला की मध्यभागचा गायक जातो. पखवाज घालवायचा असेल तर उजव्यात तो डाव्याच्या जितक्या पट असेल तितकाच डावा भाग वजा करावा लागतो. आमच्याकडे तो साधारण एक तृतीयांश होता. मग पखवाज जातो, पण गायक परत येतो. दोघांना एकदम घालवणारी संख्या अस्तित्वातच नसते. म्हणून आम्ही दोन वेगवेगळ्या ध्वनिपट्ट्या तयार केल्या, एक गायकाशिवायची आणि एक पखवाजाशिवायची, आणि ऐकताना एकीवरून दुसरीवर जात राहिलो. दोन्हींमध्ये जे टिकून राहते ते पेटीचे असण्याची शक्यता मोठी, एवढा निष्कर्ष या जोडीतून निघतो.

गायकाशिवायच्या पट्टीतही गायक पूर्णपणे गेला नाही. त्याचे एक पातळ, नाकातून आल्यासारखे भूत मागे राहिले, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रत्यक्ष मैफलीत गायकाचा आवाज त्याच्या स्वतःच्या माइकबरोबरच शेजारच्या पेटीच्या माइकमध्येही शिरतो. दोन माइकमध्ये एक मीटरचे अंतर असले तर ते कापायला आवाजाला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, आणि एवढ्या उशिराने आलेली प्रत मूळ आवाजाशी जुळत नाही, म्हणून खोडलीही जात नाही. स्टुडिओत वेगवेगळ्या खोल्यांत घेतलेल्या गाण्यात ही अडचण येत नाही. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात ती येणारच, आणि ती कोणत्याही फिल्टरने पुरती जात नाही.

उरलेल्या पखवाजासाठी १८० हर्ट्झच्या खालचा भाग कापला आणि टाळांसाठी ५,००० हर्ट्झच्या वरचा. खालचा भाग कापताना पेटीच्या खर्जाचे मूळ स्वरही कापले जातात, परंतु त्याने स्वर ओळखण्यात बाधा येत नाही, कारण उपस्वर शिल्लक असले की कान मूळ स्वर स्वतःहून भरून घेतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही आपल्याला पुरुषी आवाज पुरुषीच वाटतो तो याच कारणाने. आता पेटी ऐकू येऊ लागली होती. ती कोरडी होती, तिला अंग नव्हते, पण ओळखू येत होती.

यंत्राने केलेले विभाजन आणि त्यातील पोकळ्या

हल्ली मिक्समधून आवाज वेगळे करणाऱ्या प्रणाली सहज मिळतात. डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर खुले केले आणि त्याच सुमारास फेसबुकच्या संशोधकांनी डेमक्स पुढे आणले, तेव्हापासून घरच्या संगणकावरही हे काम होऊ लागले आहे. यांतील बहुतेक प्रणाली गाण्याचे चार भाग करतात : गायन, ड्रम्स, बेस आणि 'इतर'. ही चार नावे पाश्चात्त्य गाण्याच्या घडणीतून आलेली आहेत. या क्षेत्रात मापदंड म्हणून वापरला जाणारा एमयूएसडीबी१८ हा संच १५० गाण्यांचा, सुमारे १० तासांचा आहे, आणि त्याची विभागणी याच चार भागांत केलेली आहे. त्या रचनेत पेटी 'इतर'मध्ये पडते. पखवाजाच्या घुमाऱ्याने ड्रम्समध्ये जावे की बेसमध्ये, याचा निर्णय यंत्राला दर थापेला नव्याने घ्यावा लागतो.

आम्ही अशीच एक प्रणाली वापरली. 'इतर'ची पट्टी प्रथम ऐकली तेव्हा विद्यार्थिनीचा चेहरा उजळला, कारण वजाबाकीच्या पट्टीच्या मानाने येथे पेटी भरदार आणि स्वच्छ होती. परंतु दुसऱ्या आवर्तनाशी येताच ती म्हणाली, "सर, यात पेटी मध्येच तुटतेय. फाइल खराब झाली का?"

त्या २२ सेकंदांत पेटी सात ठिकाणी तुटत होती. माझे पहिले मत असे होते की हा सगळा यंत्राचाच दोष आहे, कारण गायन आणि पेटी एकाच स्वरावर आले की यंत्र पेटीलाही गायनात ओढते, हे मी पूर्वी पाहिलेले होते. गायनाची पट्टी ऐकल्यावर तीत रीडची किनार काही ठिकाणी स्पष्ट ऐकू आली आणि माझे मत अधिकच पक्के झाले. म्हणून मी तिला सांगितले की त्या सातही ठिकाणी पेटी अखंड वाजते आहे असे धरून चाल आणि मोकळ्या जागा गायकाच्या स्वरांनी भरून टाक. तिने तसे केले, आणि जे तयार झाले ते जवळजवळ तिचे पूर्वीचेच वादन होते. बुवांच्या अंगावर येणारी पेटी पुन्हा तीच. मी घाई केली होती, हे तेव्हा लक्षात आले.

खरा प्रश्न असा होता की या सात शांततांपैकी कोणत्या वादकाच्या आणि कोणत्या यंत्राच्या. वाजलेला स्वर तपासायला कान पुरतो. न वाजलेला स्वर तपासायला दुसरा पुरावा लागतो, आणि तो आम्हाला डोळ्यांनी मिळाला.

पायऱ्या आणि लाटा

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचे असे चित्र, ज्यात आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष कंपनांचा, आणि आवाज जितका मोठा तितकी रेघ उजळ. सॉनिक व्हिज्युअलायझर हा लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेला मोफत कार्यक्रम यासाठी उत्तम आहे, आणि ऑडॅसिटीतही ही सोय आहे. पेटी आणि गळा यांच्यात कानाला न सापडलेला भेद या चित्रात लख्ख दिसतो. गळ्याची रेघ लाटेसारखी वळत, झुलत, एका स्वरातून दुसऱ्यात सरकत जाते. पेटीच्या पट्टीला सरकणे माहीत नाही. तिचा प्रत्येक स्वर पट्टीने आखल्यासारखा सरळ आडवा, आणि पुढचा स्वर थेट वरच्या किंवा खालच्या पायरीवर. एकाच आलापात लाट आणि पायऱ्या एकमेकींशेजारी उभ्या दिसल्या तेव्हा आम्ही दोघेही थोडा वेळ काही न बोलता पाहत राहिलो.

चित्र नीट वाचता येण्यासाठी एक सेटिंग जपावे लागते. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या फाइलमध्ये ४,०९६ नमुन्यांची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, घेतली तर कंपनांची मोजपट्टी सुमारे ११ हर्ट्झच्या अंतराने आखली जाते आणि वेळ सुमारे ९३ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत दिसतो. खिडकी मोठी केली की स्वर रेखीव होतात पण जलद हालचाली पुसट होतात, आणि लहान केली की उलट होते. नराच्या रीडवर काळी एक आणि पांढरी दोन यांच्यात केवळ सुमारे १६.५ हर्ट्झचे अंतर असते, म्हणून त्या उंचीवर शेजारचे स्वर चिकटलेले दिसतात. त्याच स्वरांचे चौथे उपस्वर पाहिले तर अंतरही चौपट, म्हणजे ६६ हर्ट्झ होते. यासाठी आम्ही मूळ स्वरांचा नाद सोडला आणि १,००० ते २,५०० हर्ट्झच्या पट्ट्यातील पायऱ्या मोजल्या. पखवाज तिथे क्षीण असतो आणि टाळ क्षणभर चमकून जातात, तर रीडचे उपस्वर तिथेही दमदार असतात.

मग गायकाशिवायच्या वजाबाकीच्या पट्टीचे चित्र आणि यंत्राच्या 'इतर' पट्टीचे चित्र एकाखाली एक ठेवून सातही जागा तपासल्या. तीन जागी यंत्राच्या चित्रात पोकळी होती, परंतु वजाबाकीच्या चित्रात पायरी अखंड चालू होती. म्हणजे तिथे पेटी वाजत होती आणि यंत्राने ती गायनात टाकली होती. उरलेल्या चार जागी मात्र दोन्ही चित्रांत काहीच नव्हते. तिथे वादकाने हात उचलला होता.

दोन प्रकारच्या शांततांची घडणही वेगळी दिसली. वादक पट्टीवरून बोट उचलतो तेव्हा त्या स्वराचे सगळे उपस्वर एका क्षणी संपतात आणि त्यांच्यामागे सभागृहाचा पुसटसा घुमारा सांडत जातो. यंत्राने केलेली पोकळी ठिगळासारखी असते : खालचे दोन उपस्वर गायब, चौथा अर्धवट शिल्लक, आणि पार्श्वभूमीची सूक्ष्म खरखरही तेवढ्यापुरती नाहीशी. एकदा हा फरक पाहिला की नंतर तो कानालाही कळू लागतो. विद्यार्थिनीला तो माझ्याआधी कळू लागला.

त्या चार जागा

आता संगीताकडे येतो, कारण एवढा खटाटोप त्यासाठीच होता. पहिल्या आवर्तनात गायक पंचमावरून तार षड्जापर्यंत एका लांब मींडेने, म्हणजे स्वर न तोडता सरकत, जातो. पेटीवर मींड निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली आणि पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शिथिल झालेली बंदी ज्या आक्षेपांच्या आधारे होती, त्यांपैकी एक हाच. सामान्य साथीदार मींडेच्या जागी मधले स्वर झरझर वाजवून ती भरून काढतो, आणि माझी विद्यार्थिनीही प कोमल नि सां असे तेच करत होती. ध्वनिमुद्रणातील वादकाने तसे केलेले नाही. त्याने मींड सुरू होईपर्यंत पंचम धरून ठेवला, मींड सुरू होताच हात उचलला, आणि गायक तार षड्जावर पोहोचून स्थिरावल्यावर सुमारे एक तृतीयांश मात्रेच्या विलंबाने तो षड्ज हलकेच लावला. मधली सगळी वाट त्याने गायकाला मोकळी ठेवली.

दुसरी आणि तिसरी शांतता मध्यमावरून कोमल गंधारावर येण्याच्या जागी आहे. भीमपलासातला हा गंधार मध्यमाला स्पर्श करत, झुलत येतो, आणि पेटीवर तो सरळ लावला की राग लगेच उघडा पडतो. वादकाने मध्यम सोडला, गंधार वाजवलाच नाही, आणि गायक पुढे षड्जावर आला तेव्हा तो त्याला षड्जावर भेटला. चौथी शांतता गायक श्वास घेतो त्याच्या लगेच आधीची आहे. तिच्यानंतर, त्या श्वासाच्या अवकाशात, पेटी प्रथमच मोकळेपणाने बोलते : गायकाच्या ओळीची फक्त शेपटी, सां नि ध प, मग थोडे थांबून म ग रे सा. हा भरणा सगळ्यांना ऐकू येतो, म्हणून नक्कल करणारे तोच उचलतात. त्याच्या आधीच्या शांततेमुळे तो खुलतो, हे पेटी वेगळी काढल्याशिवाय आम्हालाही दिसले नव्हते.

"म्हणजे मला जे वाजवायचं होतं ते वाजवायचंच नव्हतं," विद्यार्थिनी म्हणाली. मी म्हटले, "चार ठिकाणी. बाकी वाजव."

परत गायकाकडे

सरावाच्या बाबतीत एक चूक टाळता आली ती नोंदवतो. स्वर उतरवून घेताना आम्ही वेग ६० टक्क्यांवर आणला होता आणि तिथे तो उपयोगी पडला. परंतु पेटी गायकाच्या मागे किती राहते, ही गोष्ट संथ केलेल्या आवाजावर शिकता येत नाही. एक तृतीयांश मात्रेचा विलंब संथ वेगात मोठा आणि मुद्दाम केल्यासारखा वाटतो, शिवाय वेग ताणताना स्वरांची सुरुवात पुसट होते. म्हणून स्वरलिपी पूर्ण झाल्यावर आम्ही मूळ वेगावर आलो, आणि वेगळी काढलेली पेटी एकटी ऐकणेही बंद केले. आधी पेटी मोठी आणि गायन अगदी बारीक, मग दोन्ही समान, आणि शेवटी यंत्राने काढलेली केवळ गायनाची पट्टी लावून तिच्यावर तिने स्वतः साथ करायची, असा क्रम ठेवला. ज्या गायनपट्टीत पेटीची किनार शिरली होती ती या कामाला उलट सोयीची ठरली, कारण चुकीच्या जागी हात पडला की मागची मूळ पेटी लगेच टोचत असे.

स्वरलिपीत न मावणारी गोष्ट भात्याची होती. लांब धरलेल्या पंचमात वादकाने भाता हळूहळू सैल सोडला आहे, इतका की मींड सुरू होताना हात उचलल्याचे कोणाला कळू नये. चित्रात ती रेघ उजळपणातून करडेपणाकडे जाताना दिसते. त्यासाठी तिने वहीत स्वराखाली निमुळती होत जाणारी रेघ काढली, आणि तीन आठवडे बहुतेक वेळ डाव्या हातावर घालवला.

कायद्याबद्दल एकदा तिने विचारले होते, आणि ते विचारणे योग्यच होते. १९५७च्या भारतीय प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ खाजगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी केलेल्या वाजवी वापराला मुभा देते. घरी बसून शिकण्यासाठी पट्ट्या वेगळ्या करणे एक आणि त्या लोकांत वाटणे दुसरे, म्हणून आमच्या फाइली तिच्या आणि माझ्या संगणकापलीकडे गेल्या नाहीत.

कार्तिकी एकादशीला मी त्या गावी गेलो होतो. बुवांनी मींड ध्वनिमुद्रणातल्यापेक्षा लांब घेतली, पंचमाच्या आधी मध्यमावर थोडे रेंगाळले, आणि तिने बसवलेल्या हिशेबात ते कुठेच नव्हते. तिने मध्यमावरच भाता सैल केला आणि हात उचलून वाट पाहिली. बुवांनी गाता गाता तिच्याकडे एकदा पाहिले आणि षड्जावर पोहोचले. पेटी त्यांच्यामागून आली.

एक जागा अजून आमच्यात मिटलेली नाही. तिसऱ्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेवर पेटीचा एक छोटा स्वर आहे, ध किंवा कोमल नि, काळी पाच किंवा पांढरी सात. नेमक्या त्याच क्षणी टाळ पडतो, मिक्समध्ये तो मध्यभागीही आहे आणि बाजूलाही, आणि चित्रात तिथे वरपासून खालपर्यंत एक उभा पांढरा पट्टा आहे. वजाबाकीत तो धैवताकडे झुकतो, यंत्राच्या पट्टीत निषादाकडे. मी निषाद वाजवतो. ती धैवत वाजवते, आणि वहीत त्या स्वराभोवती पेन्सिलीचे वर्तुळ तसेच ठेवलेले आहे.